मांगा वाचताना तुम्ही टॅग कसे वापरता?

मायअ‍ॅनिमेलिस्ट, अ‍ॅनिलिस्ट यांसारख्या इंटरनेटवरील सूचींमध्ये प्रत्येक मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेसोबत टॅगांची, म्हणजे वर्गवारीच्या शब्दांची, लांबलचक रांग असते. शोनेन, सेइनेन, इसेकाई, स्लाइस ऑफ लाइफ, गोअर, फोर-कोमा ही नावे आपण एका दमात घेत असलो, तरी ती एका जातीची नाहीत. पहिली दोन मूळ नियतकालिक कोणत्या वाचकवर्गासाठी निघते ते सांगतात (शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलगे, सेइनेन म्हणजे तरुण पुरुष), पुढची दोन कथेचा बाज सांगतात (इसेकाई म्हणजे दुसऱ्या जगात जाण्याच्या कथा, स्लाइस ऑफ लाइफ म्हणजे रोजच्या जगण्यातल्या), गोअर हा रक्तपाताविषयीचा इशारा आहे आणि फोर-कोमा ही चार चौकटींची मांडणी. या गर्दीचा तुम्ही प्रत्यक्षात कसा उपयोग करता, स्वतःची यादी कशी लावता, कोणता टॅग दिसला की मालिका उघडता आणि कोणता दिसला की पुढे सरकता, हे सविस्तर लिहावे. कोणती मालिका श्रेष्ठ, हा वाद येथे नको.

ठाण्याहून:

वाचलेल्या मालिकांची नोंद मी संगणकावर ठेवते आणि त्यात वाचकवर्ग, विषय व मांडणी यांचे रकाने कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत, कारण ‘शोनेन’ हा शब्द एकदा विषयाच्या रकान्यात शिरला की पुढे त्या यादीतून काहीच नीट शोधता येत नाही. केइजी नाकाझावा यांची हिरोशिमाच्या अणुबॉम्बवरील ‘हादाशी नो गेन’ १९७३ मध्ये ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि ‘वन पीस’ही १९९७ मध्ये तेथेच सुरू झाली. वाचकवर्ग दोन्हींचा एकच, विषयात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ‘बनाना फिश’चे उदाहरण तर याहून बोलके आहे. न्यूयॉर्कमधील टोळ्या, अमली पदार्थ आणि खून यांची ही कथा १९८५ पासून एका शोजो मासिकात, म्हणजे मुलींसाठीच्या मासिकात, प्रसिद्ध होत होती. नुसते ‘शोजो’ वाचून शाळेतल्या हळुवार प्रेमकथेची वाट पाहणाऱ्याची पहिल्या काही पानांतच चांगली तारांबळ उडेल. म्हणून मी चौथा रकाना मासिकाच्या नावाचा केला आहे. खरे सांगायचे तर मालिकेच्या प्रकृतीचा अंदाज मला टॅगांपेक्षा त्या नावावरून अधिक लवकर येतो.

पुण्याहून, जपानी शिकणारा विद्यार्थी:

माझा उपयोग अगदीच व्यावहारिक आहे. मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-३ या मधल्या स्तराची तयारी करतो आहे आणि शोनेन किंवा शोजो हा टॅग मी फुरिगानासाठी पाहतो. या वर्गातील मालिकांमध्ये उभ्या ओळीतील कांजीच्या (चिनी मूळ असलेल्या चिन्हांच्या) उजव्या बाजूला हिरागाना या उच्चारदर्शक लिपीत बारीक अक्षरांत उच्चार, म्हणजेच फुरिगाना, छापलेला असतो, त्यामुळे अनोळखी कांजी लगेच शब्दकोशात शोधता येते. सेइनेन मासिकांत बहुतेक ठिकाणी तो नसतो, विशेषनामांवर किंवा अवघड शब्दांवर तेवढा उरतो, आणि मग एकेका कांजीच्या रेघा मोजत बसावे लागते. त्यानंतरची चाळणी विषयाची. शालेय जीवन आणि क्रीडा हे टॅग मी मुद्दाम निवडतो, कारण त्यांत रोजच्या बोलण्यातली वाक्ये मिळतात; ऐतिहासिक हा टॅग सध्या वगळतो, कारण सामुराईंच्या तोंडची भाषा परीक्षेत विचारत नाहीत.

नाशिकहून:

मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्यामुळे मला आधी इशारे पाहावे लागतात. शोनेन म्हणजे मुलांसाठी आणि म्हणून निर्धोक, असा अनेक पालकांचा समज असतो. माणसांना गिळणाऱ्या महाकाय प्राण्यांची ‘शिंगेकी नो क्योजिन’ २००९ मध्ये ज्या मासिकात सुरू झाली, त्याच्या नावातच ‘शोनेन’ होते, एवढे सांगितले तरी पुरे. अ‍ॅनिलिस्टवर टॅगासमोर टक्केवारी दिसते आणि ती वाचकांच्या मतांवरून ठरते. गोअर किंवा तत्सम टॅगासमोर मोठा आकडा असला, तर पहिला खंड मी स्वतः वाचतो आणि मग ठरवतो. मुलाला ही पद्धत मुळीच पसंत नाही.

कोल्हापूरहून:

इसेकाई वगळणे, एवढाच माझा नियम. अपघातात मरून दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्या नायकांच्या कथा जपानी संकेतस्थळांवरील हौशी कादंबऱ्यांतून इतक्या संख्येने मांगात आल्या, की नुसते ‘फँटसी’ शोधले तरी पानेच्या पाने त्यांनीच भरतात. तो टॅग वगळून त्याऐवजी ‘पाककला’ जोडल्यावर मला ‘डंजन मेशी’ सापडली, जिच्यात भुयारातले राक्षस मारून, सोलून, नीट शिजवून खातात.

मडगावहून:

मी एकमेकांशी न जमणारे दोन टॅग एकत्र टाकून शोधते. स्लाइस ऑफ लाइफ हा टॅग एकटा घेतला तर निरुपयोगी आहे, कारण शाळेच्या क्लबातल्या गमतीजमतींपासून म्हातारपणाच्या कथांपर्यंत सारे काही त्यात घातले जाते. त्याला ‘प्रलयोत्तर जग’ हा टॅग जोडला की मात्र ‘योकोहामा काइदाशी किको’सारखी मालिका हाती लागते. १९९४ ते २००६ या काळात ‘आफ्टरनून’ मासिकात आलेल्या या मालिकेत समुद्राची पातळी वाढून गावे पाण्याखाली गेलेली आहेत आणि एक यंत्रमानव तरुणी निवांतपणे कॉफीचे दुकान चालवते. गिऱ्हाईक आले तर आले. प्रलयाच्या टॅगावरून लढाया शोधणारा येथून हिरमुसून जाईल आणि विज्ञानकथेच्या टॅगावरून आलेल्याला यंत्रांविषयी फारसे काही मिळणार नाही. अशा मन शांतवणाऱ्या कथांना जपानी वाचक ‘इयाशिकेई’ म्हणतात आणि हा टॅग काही सूचींत आहेही, परंतु केवळ त्याच्यावर विसंबले तर नेहमीची चार-सहा नावेच पुन्हा पुन्हा पुढे येतात.

मुंबईहून:

वरील सर्वांपेक्षा माझा क्रम उलटा आहे. कथेतले रहस्य फोडणारे टॅग अ‍ॅनिलिस्ट झाकून ठेवते, हे चांगलेच. परंतु काही सूचींत ‘ट्रॅजेडी’ हा मूळ प्रकारांतच मोडतो आणि तो झाकला जात नाही, त्यामुळे कोणीतरी जाणार हे पहिल्या पानाआधीच कळते. म्हणून पहिला खंड संपेपर्यंत मी मुखपृष्ठ आणि चित्रकाराचे नाव एवढेच पाहते. टॅग नंतर वाचते, तेही आवडलेल्या मालिकेसारखी दुसरी शोधायची असेल तरच.