मदत हवी आहे: कव्हरेज रिपोर्ट रोज रात्री आपोआप कसा काढायचा?

मंडळी, आमच्या ओपन सोर्स सी++ प्रोजेक्टचा कव्हरेज रिपोर्ट (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या त्याचा अहवाल) मी अजून हातानेच काढतो: कव्हरेज फ्लॅग लावून बिल्ड, टेस्ट, मग एलकॉव्ह (मोजणीतून रिपोर्ट बनवणारं टूल). कंटाळून गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबची आपोआप कामं चालवणारी सोय) क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी चालेल असं, टाकलं, तर आकडा भलताच! माझ्याकडे ७१ टक्के, तिथे ८४.

संशय जीसीडीए फायलींवर आहे (कुठली ओळ किती वेळा चालली ती मोजणी यांत साठते). बिल्ड फोल्डर कॅश केलंय (पुढच्या रनसाठी जपून ठेवलंय) आणि जुन्या मोजणीतच नवी मिळवली जाते. परवा काढून टाकलेली टेस्ट ज्या ओळी चालवायची, त्या अजून हिरव्याच (म्हणजे चाललेल्या) दिसतात. टेस्टआधी एलकॉव्हचे काउंटर शून्य केले तर भागेल, की कॅशच काढू? कॅशशिवाय बिल्डला ४० मिनिटं लागतात, म्हणून जीव होत नाही.

शिवाय ६० दिवस रेपोत (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात) हालचाल नसली की शेड्यूल आपोआप बंद पडतं. त्यावर काय करता?