रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय, वय १६, घरी पैसे नाहीत. पुण्यातून काही मार्ग आहे का?

ओम_धायरी
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी ११वी सायन्सला आहे, धायरीत राहतो. बाबांची स्कूल व्हॅन आहे, सकाळ-दुपार शाळेची पोरं आणि रात्री कधीतरी एअरपोर्टचं भाडं, आई घरी ब्लाऊज शिवते, म्हणजे परिस्थिती काय ते कळलंच असेल. मला प्रोफेशनल रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय. टाइमपास म्हणून नाही, खरंच. मित्राच्या वाढदिवसाला गो-कार्टिंगला गेलेलो तेव्हा ऑफिसची मोठी माणसं होती आमच्या बॅचला, सगळ्यांपेक्षा माझा टाइम कमी होता, तिथला माणूस पण म्हणाला पोरगा फास्ट आहे. गाडी तर मला येतेच, बाबांची व्हॅन मी रात्री नऱ्हे ते वडगाव सर्व्हिस रोडला चालवतो, बाबा झोपल्यावर. यूट्यूबवर सगळे सांगतात की कार्टिंगपासून सुरुवात करा पण तिथे कोणी हे सांगत नाही की पैसे कुठून आणायचे. एफ१ (फॉर्म्युला वन) वाल्या हॅमिल्टनच्या वडिलांकडे पण पैसे नव्हते ना? मग मी काय करू? प्लीज "अभ्यास कर" सोडून काहीतरी सांगा.

सदाशिव_पेठी
अभ्यास कर.

बरं, आता सीरियसली. ते व्हॅनचं वाचून माझा चहा सांडायचा राहिला. कल्याणीनगरचं प्रकरण, अल्पवयीन पोराने पोर्शने दोघांना उडवलं ते, होऊन किती दिवस झाले रे? मे २०२४. त्याच्या आधीपासून कायदा आहे, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ घातलंय, अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि तुला वयाची २५ पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. ज्या व्हॅनवर तुमचं घर चालतं तीच वर्षभर दारात उभी राहील. रेसर व्हायचंय म्हणतोस आणि २५ पर्यंत लायसन घालवायची तयारी करतोयस, धन्य आहे. चावी जिथे आहे तिथे राहू दे.

बाकी रेसिंगमधलं मला कळत नाही, जाणकार बोलतील.

गॅरेजवाला_भोसरी
पेठी काकांनी टोन सोडून बाकी बरोबर सांगितलंय 😄

ओम, मी सीझनमध्ये एका टीमकडे मेकॅनिक म्हणून जातो, चेन्नई आणि कोइम्बतूर, बाकीचे दिवस भोसरीत गॅरेज. त्यामुळे पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर टीम बसतात ती जागा) जे बघतो तेच सांगतो, गोड करून सांगणार नाही.

पहिलं हॅमिल्टनचं. वडिलांकडे पैसे नव्हते हे खरं, एकाच वेळी दोन-तीन कामं करायचे. पण तो आठव्या वर्षी कार्टमध्ये बसलेला आणि तेराव्या वर्षी मॅक्लारेनने त्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतलं, तिथून पुढचा खर्च बापाच्या खिशातून नव्हता. एफ१ मधल्याच ओकोनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि कॅराव्हॅनमध्ये राहिले. ही नावं आपल्याला माहिती आहेत कारण ती पोहोचली, घर विकून न पोहोचलेल्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. आपल्याकडे फोर्स इंडिया या एफ१ टीमने २०११ ला शंभर कोटीतून एक शोधायचा म्हणून देशभर कार्टिंगच्या ट्रायल घेतल्या, त्यातून जेहान दारुवाला, अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी निवडले गेले. चांगलीच पोरं, जेहान पुढे एफ२ मध्ये, म्हणजे एफ१ च्या खालच्या पायरीवर, रेस जिंकला. पण एफ१ ची सीट नाही मिळाली. आणि आज ती कंपनी पण नाही आणि ती ट्रायल पण नाही.

आता तुझं. सोळाव्या वर्षी तू नॅशनल कार्टिंगला उतरलास तर थेट सीनिअर मॅक्स या मोठ्यांच्या गटात, म्हणजे १२५ सीसी टू स्ट्रोक रोटॅक्स इंजिन, आणि शेजारी जी पोरं असतील ती सात-आठ वर्षांची असल्यापासून चालवतायत. खर्च कशात जातो तर लोकांना वाटतं कार्टमध्ये. कार्ट एकदाच घेतोस रे, टायर दर रेसला नवे लागतात, इंजिन ठरावीक तासांनी उघडून रीबिल्ड करावं लागतं, मेकॅनिकचा पगार, प्रॅक्टिस डेची ट्रॅक फी, ट्रान्सपोर्ट, हॉटेल. मी रेसच्या रात्री हीट गन आणि पत्रा घेऊन जुन्या टायरवरचं चिकटलेलं रबर खरवडत बसलेलो असतो, ते कोणासाठी? ज्याच्या बापाला प्रॅक्टिसला नवा सेट परवडत नाही त्याच्यासाठी. आणि ते सुद्धा आपल्या हिशोबाने श्रीमंतच. पूर्ण सीझन लाखांत जातो, आणि एकदोन लाखांत नाही. युरोपात एफ४, म्हणजे फॉर्म्युला गाड्यांची पहिली पायरी, म्हटलं की एका वर्षाचे कोटी. त्यामुळे कार्टिंग, मग एफ४, मग युरोप ही शिडी तुझ्यासाठी नाही, हे आत्ताच ऐकून घे म्हणजे बाबांना व्हॅन विकायला लावणार नाहीस.

पण शिडी तेवढी एकच नाहीये. पहिलं काम, तू खरंच फास्ट आहेस का ते बघ. ऑफिसच्या पार्टीतल्या काकांना हरवणं म्हणजे काही नाही, ते ऐंशी किलोचे आणि तू पन्नासचा, त्या छोट्या इंजिनला तेवढा फरक खूप होतो. वीकडेला सकाळी गर्दी नसताना जा, एकच नंबरची कार्ट माग, आणि शेवटी जो लॅप टाइमचा कागद मिळतो तो टाकू नको. बेस्ट लॅप बघायचाच नाही. पहिले दोन लॅप सोड आणि उरलेल्यांत सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईटमध्ये किती अंतर आहे ते बघ. दोन-तीन दशांशात सगळे बसत असतील तर तुझ्या हातात काहीतरी आहे. एक लॅप भारी आणि पुढचा एक सेकंदाने स्लो असेल तर तो नशिबाचा लॅप. मग कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, पुण्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, एसटीने जाऊन येता येतं, तिथे एकदा चालवून बघ. पुण्यातल्या कार्टवर राजा असलेली पोरं तिथे गेल्यावर गप्प होतात.

क्लच_केबल
कोणीच बाइकचं का बोलत नाहीये? पुण्यात राहून चारचाकीच कशाला हवी. ओम भावा, पैसे नसतील तर टू व्हीलर रेसिंग हाच आपल्या देशातला खरा दरवाजा आहे. कारण सिंपल आहे, इथे कंपन्यांना बाइक विकायच्या असतात म्हणून त्या स्वतः वन मेक चॅम्पियनशिप चालवतात, सगळ्यांना सारखी बाइक, बाइक त्यांची, त्यांचेच मेकॅनिक, तू सिलेक्शनला जायचं आणि टाइम लावायचा. टीव्हीएस १९९४ पासून वन मेक चालवतंय, त्यात रूकी म्हणजे नवशिक्यांची कॅटेगरी असते. रॉयल एनफिल्डचा काँटिनेंटल जीटी कप २०२१ पासून. होंडाने २०१८ ला टॅलेंट हंट काढला तेव्हा तेरा-चौदाची पोरं घेतलेली. आपल्या पुण्याचाच सार्थक चव्हाण त्या होंडाच्या टॅलेंट कपातून वर आला आणि पुढे टीव्हीएसकडून चालवायला लागला. फुकट सगळं नसतं हे पण सांगतो, फी असते, लेदर सूट, हेल्मेट, बूट, ग्लोव्ह्ज चांगले घ्यायचे तर पन्नास हजार तरी धर, सेकंडहँड सूट मिळतो पण हेल्मेट कधीच सेकंडहँड घेऊ नको. तरी कार्टिंगच्या एका वीकेंडपुढे हे काहीच नाही.

ओम_धायरी
सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहिल वाटलं नव्हतं. पेठी काका, व्हॅनचं लक्षात आलं, रजिस्ट्रेशनचं माहितीच नव्हतं. भोसरीवाले दादा, तो कागद मी फेकून दिला 😐 पुन्हा जाईन. क्लच केबल दादा, बाइकचा विचारच केला नव्हता, पण त्यासाठी लायसन लागतं ना? ते तर अठराला मिळणार.
आणि सिम्युलेटरचं काय? गेममधून एकजण खरा रेसर झालेला ना?

क्लच_केबल
आरटीओचं लायसन रस्त्यासाठी. बंद ट्रॅकवर एफएमएससीआयचं (देशातली मोटरस्पोर्टची संघटना) कॉम्पिटिशन लायसन चालतं, मेडिकल लागतं आणि अठराच्या आत असशील तर आईवडिलांची सही. म्हणजे घरच्यांना न सांगता काही होणार नाही. प्रत्येक सिरीजची वयाची अट वेगळी असते, फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीचे नियम वाच.

गेमवाला म्हणजे मार्डनबरो, गेम खेळणाऱ्यांतून रेसर निवडणाऱ्या निसानच्या जीटी अकॅडमीतून २०११ ला, दोन वर्षांत ले मान्सच्या २४ तासांच्या रेसला पोहोचला. पण ती अकॅडमी २०१६ नंतर बंद. सिमचा फायदा ट्रॅक पाठ करायला आणि ब्रेकिंग पॉइंट समजायला होतो, पण स्टीअरिंग सेटच पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो, त्यापेक्षा त्या पैशात खऱ्या ट्रॅकवर जा असं माझं मत.

मृणाल_कोथरूड
मी एका सतरा वर्षांच्या मुलाची आई आहे म्हणून लिहितेय, माझाही मुलगा सुपरक्रॉस (मातीच्या उड्यांच्या ट्रॅकवरची बाइक रेस) करतो, त्यामुळे "नको रे बाळा" म्हणणारी मी नाही. पण क्लच केबल, तुम्ही सूटचे भाव सांगितले तसं हेही सांगायला हवं होतं की ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा रूकी रेसमध्ये पडला आणि गेला. सगळे नियम पाळून, सगळं गिअर घालून, नॅशनल चॅम्पियनशिपमध्ये. ओम, तुझे बाबा ज्या कागदावर सही करतील त्याच्यावर नेमकं हेच लिहिलेलं असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. त्यांना ते मराठीत वाचून दाखव आणि मग सही घे. आणि विमा आधी. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये रेसिंगची दुखापत बहुतेक वेळा बसत नाही, आम्हाला हे मनगट मोडल्यावर हॉस्पिटलच्या काउंटरवर कळलं.

दुसरं, आपल्या पुण्याच्याच डायना पंडोलेंचं कोणी नाव घेतलं नाही. शिक्षिका, घरी लहान मुलं, आणि २०२४ ला चेन्नईला पुरुषांबरोबर चालवून सलून (बंद कारच्या) गटात नॅशनल टायटल. त्यांची सुरुवात २०१८ ला महिलांसाठीच्या एका सिलेक्शन प्रोग्रॅममधून झाली. म्हणजे सोळाव्या वर्षी नाही झालं तर संपलं असं सिंगल सीटरमध्ये (एफ४, एफ१ सारख्या एकट्याच्या गाड्या) असेल, टुरिंग कारमध्ये, म्हणजे अशा सलून गाड्यांत, तसं नाही. कमावता झाल्यावरही येता येतं.

स्किडपॅड
मृणालताईंना +१. अजून एक रस्ता, जो मी स्वतः केलाय. ओम तू सायन्सला आहेस ना, मग इंजिनिअरिंगला जाणारच असशील. असं कॉलेज बघ जिथे फॉर्म्युला स्टुडंटची टीम आहे, सीओईपीची आहे, पुण्यात आणखीही बऱ्याच कॉलेजांच्या आहेत. पोरं स्वतः रेस कार बनवतात आणि (हे लोकांना माहितीच नसतं) ती चालवणारी पण टीममधलीच पोरं असावी लागतात, बाहेरून ड्रायव्हर आणता येत नाही. फॉर्म्युला भारत ही या टीमची स्पर्धा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर होते, त्याच ट्रॅकवर जिथे नॅशनल चॅम्पियनशिप होते. ७५ मीटर ॲक्सेलरेशन, आठच्या आकड्याचा स्किडपॅड, ऑटोक्रॉस (वळणावळणाचा एक लॅप) आणि शेवटी २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, ज्यात अर्ध्या गाड्या मधेच बंद पडतात, आमची दुसऱ्या ड्रायव्हरला बसवताना परत स्टार्टच झाली नाही, अख्ख्या वर्षाची मेहनत तिथे उभी. पाच जण रडत होते. पण सांगायचं हे की मी त्या गाडीत बसलो आणि माझ्या खिशातून गेले ते टीमच्या वर्गणीचे आणि कुर्ला-कोइम्बतूरच्या स्लीपरचे.
हा ड्रायव्हर म्हणून करिअर नाही, मान्य. पण आमच्यातला एकजण आज रेसिंग टीममध्ये डेटा इंजिनिअर आहे आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. ड्रायव्हर देऊन बसतो, तो घेऊन बसतो 😂

सदाशिव_पेठी
म्हणजे शेवटी अभ्यासच करायचा ना? मी दोन शब्दांत सांगितलं होतं.

ओम_धायरी
😂😂 काका जिंकले.
काल रात्री बाबांना सांगितलं सगळं, व्हॅनचं पण. आधी खूप ओरडले. मग म्हणाले त्या भोसरीवाल्याला विचार गॅरेजमध्ये कामाला ठेवतो का सुट्टीत. दादा, ठेवाल का? पैसे नकोत.

गॅरेजवाला_भोसरी
पैसे नकोत असं कोणालाच म्हणू नको, या धंद्यात तर अजिबातच नको, सगळे तेच ऐकायला बसलेत. स्पॉन्सरचं पण तसंच, टायरवाला किंवा हॉटेलवाला पाच हजार देईल तर त्याला स्टिकर कुठे लागणार, फोटो किती आणि कधी मिळणार हे आधी लिहून द्यायचं, मदत करा म्हणून हात पसरायचा नाही.

रविवारी ये, पत्ता व्यनि (वैयक्तिक मेसेज) करतो. अठराच्या आत आहेस म्हणून लिफ्ट, वेल्डिंग, ग्राइंडर यांच्या जवळ उभं राहायचं नाही. बघायचं, पुसायचं, टायरचं प्रेशर गार असताना किती आणि गरम झाल्यावर किती ते वहीत लिहायचं. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च माझ्याकडे. पहिल्या दिवशी बाबांना बरोबर आण, मला त्यांच्याशी बोलायचंय. आणि चपला घालून येऊ नको, बूट नसतील तर सांग, इथे पडलेत एक-दोन जोड.

ओम_धायरी
आठ नंबर चालेल का दादा? बाबा म्हणतायत दुपारनंतर येऊ, सकाळी व्हॅन धुवायची असते.

गॅरेजवाला_भोसरी
नऊचा आहे, दोन मोजे घाल. व्हॅन घेऊनच या, क्लचचा आवाज येत असेल तर बघून टाकू.