शांत व्हा म्हणजे हक्क सोडा का? (स्तोत्र 46)

कुळागरातली: आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात फोंडा तालुक्यात. सासरे गेल्यापासून वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा खटला, कोर्टात आहे. शिमगा झाला आणि चुलतदिरांनी बांयवरच्या (विहिरीवरच्या) पंपाच्या खोपीला कुलूप घातलं. बांय दोन्ही घरांची. तेव्हापासून कळशीने पोफळीच्या रोपांना पाणी घालतेय, तरी खालच्या अंगाची रोपं पिवळी पडलीच. शेजारच्या ख्रिस्ती बायने एक ओळ वाचून दाखवली: शांत व्हा, आणि मी देव आहे हे जाणा. रडू आलं, आणि रागही आला. मी शांत बसले तर कुलूप तसंच राहणार ना? मग मराठी बायबल मिळवून अख्खं स्तोत्र वाचलं. डोंगर ढळतात, समुद्र खवळतो, राष्ट्रं गर्जतात. एवढ्या कल्लोळात गप्प राहायचं?

सांजवेळ_मडगाव: ताई, मी हिब्रू शिकलोय. तिथला शब्द ‘हर्पू’. गप्प बसा असा त्याचा अर्थ नाही. हात सैल सोडा, आवळलेली मूठ उघडा, असा आहे. आधीच्याच ओळीत देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, रथ जाळतो. म्हणजे हा हुकूम हत्यार धरलेल्यांनाही आहे. तुमच्या दिरांच्या मुठीतल्या किल्लीलासुद्धा.

पेडण्याचा_मास्तर: बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 26 वा अध्याय वाचा, तो थेट विहिरींच्या भांडणाचाच आहे. अब्राहामाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. त्याचा मुलगा इसहाक, त्याच्या माणसांनी गराराच्या खोऱ्यात खणलं, झरा लागला, तर तिथले गुराखी म्हणाले, पाणी आमचं. त्याने विहिरीचं नावच ठेवलं एसेक, म्हणजे तंटा. दुसरी खणली, पुन्हा भांडण. ती सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी आलं नाही: रहोबोथ, ऐसपैस जागा. मला त्यातलं नाव ठेवणं फार मोलाचं वाटतं. अन्याय झालाच नाही असं तो दाखवत नाही. पुढे पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख स्वतः भेटीला येतो, तेव्हा इसहाक तोंडावर विचारतो: तुम्ही माझा द्वेष करता, मग आलात कशाला? त्यानंतर जेवण, सकाळी शपथ, आणि त्याच दिवशी नव्या विहिरीला पाणी.

कुळागरातली: मास्तर, इसहाकाला पुढे सरकायला खोरं होतं. मला बांय एकच. रात्री झोप नाही, खोपीकडे कान लागलेला असतो.

सांजवेळ_मडगाव: मग तिसरं स्तोत्र. पोटचा मुलगा अबशालोम उलटला, राजा दावीद पळतोय, भोवती हजारो शत्रू. आणि तो म्हणतो, मी निजलो, झोपलो, जागा झालो. बस्स, एवढंच. सुटका अजून झालेली नाही, तरी झोप लागली. दुसरं, मागे इजिप्तचं सैन्य लागलेलं असताना तांबड्या समुद्राशी मोशे आपल्या लोकांना सांगतो, परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा. लगेच पुढच्या ओळीत देव म्हणतो: माझा धावा कशाला करतोस? लोकांना पुढे चालायला सांग. वकिलाकडे जाणं हे चालणंच आहे, ताई.

कुळागरातली: आज वकिलांना सांगितलं, पाण्यापुरता हुकूम आधी मागा. संध्याकाळी दिरांच्या सोप्यावर गेले. म्हटलं, भावोजी, बांय आपल्या पणजोबांनी खणली, आणि कुलूप तुम्ही घातलंत. हे दोन्ही मी विसरणार नाही. पाण्याच्या पाळ्या ठरवूया. ते बोलले नाहीत. जाऊबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला. मी प्यायले.