इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये शिरताना आधी पदविका की आधी नमुना?

शाईदौत
बी.एड. करून काही वर्षं वर्गात शिकवलेले बरेच शिक्षक पुण्या-मुंबईच्या ई-लर्निंग कंपन्यांत इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे ऑनलाइन धडे आखणारे, म्हणून जाऊ पाहतात. त्यांना सल्ला मिळतो तो बहुतेकदा पदविकेचा. माझं मत उलट आहे. आधी सहा मिनिटांच्या ऑनलाइन धड्याचा एक नमुना पुरा करा, फी भरायचं नंतर बघा. अर्ज चाळणारा आधी नमुन्याची लिंक उघडतो. गुणपत्रिकेची पाळी मग येते.

विषय लहान घ्या. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. दुकानातल्या नव्या कामगाराला तेवढंच शिकवा. उद्दिष्टात 'समजेल', 'माहिती होईल' नको, ते मोजता येत नाही. 'मुदत उलटलेला ट्रे ओळखून काउंटरवरून काढेल' असं लिहा. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे धड्याचा स्क्रीनवार आराखडा: स्क्रीन क्रमांक, पडद्यावरचा मजकूर, निवेदन, दृश्य आणि डेव्हलपरसाठी सूचना, असे पाच रकाने. इंग्रजी निवेदन मिनिटाला १३० ते १५० शब्दांनी चालतं, म्हणजे सहा मिनिटांना फार तर ९०० शब्द. वर्गात बोलायची सवय असलेला माणूस इथे सहज दुप्पट लिहून बसतो.

खडूफळा
पटलं नाही. नमुन्यावर पहिली नोकरी लागेल, पण तिसऱ्या वर्षी काय? अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या साधनाचा) आधार काढून घेतला. ज्यांची सगळी भिस्त त्या एका साधनावर होती, त्यांना नव्याने शिकावं लागलं. ज्यांना उद्दिष्टावरून प्रश्न काढता येत होता, त्यांचं काम फक्त दुसऱ्या साधनात गेलं. ब्लूमची वर्गवारी, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांच्या चढत्या पायऱ्या, १९५६ ची, २००१ मध्ये सुधारलेली. ती पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. वापरायला मात्र शेजारी बसून चूक दाखवणारं कुणी लागतं, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागासारख्या ठिकाणी ते मिळतं. शिवाय अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे काम हवं असेल तर जाहिरातीत बहुधा पदव्युत्तर पदवी मागतात.

शाईदौत
अमेरिकेतल्या विद्यापीठांचं मान्य. पण इथे प्रश्न बी.एड. झालेल्यांचा आहे. पाठ टाचणात उद्दिष्टं आणि त्यांची स्पष्टीकरणं लिहूनच ते बाहेर पडलेत. त्याच ब्लूमसाठी पुन्हा पदविका कशाला? आणि चूक दाखवायला तीन वापरणारे पुरतात. त्यांच्यासमोर नमुना ठेवा, स्वतः एक शब्द बोलू नका, बोट कुठे अडखळतं ते टिपा.

टाचणवही
दोघंही शेवटच्या टप्प्याबद्दल, म्हणजे धडा बांधून ऑनलाइन चढवण्याबद्दल, बोलत नाही आहात, आणि नमुने तिथेच फसतात. धडा बांधायच्या स्टोरीलाइन या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती मोजक्याच दिवसांची, तीही विंडोजवरच. म्हणून स्टोरीबोर्ड पक्का झाल्याशिवाय ती सुरूच करू नका. देवनागरी मजकुराला युनिकोड फॉन्टच घ्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या प्रणालीवर, धडा चढवायचा ठरलेला साचा म्हणजे स्कॉर्म. त्याच्या पॅकेजची झिप करताना फोल्डर न निवडता आतल्या फाइली निवडा. आयएमएसमॅनिफेस्ट नावाची फाइल झिपच्या पहिल्याच पातळीवर नसली तर एलएमएस पॅकेज घेत नाही. स्कॉर्म १.२ मध्ये 'कुठे थांबलो होतो' या नोंदीला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. मोठ्या कोर्समध्ये ती भरली की शिकणारा परत आल्यावर भलत्याच स्क्रीनवर पोचतो. हे मूडल या एलएमएसवर किंवा स्कॉर्म क्लाउड या चाचणी सेवेच्या मोफत खात्यावर तपासता येतं. गुगल ड्राइव्हवर झिप ठेवून लिंक पाठवू नका, ती कुणी उतरवून बघत बसत नाही. वेब आवृत्ती गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवता येते.

नोकरी शोधतानाही एकाच नावावर अडून राहू नका. लर्निंग डिझायनर, ई-लर्निंग डेव्हलपर, करिक्युलम डिझायनर, सगळं शोधा. पण कामाचं वर्णन वाचूनच अर्ज करा. शालेय ॲपसाठी प्रश्नपेढी लिहिणं आणि बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण आखणं ही दोन वेगळी कामं आहेत.

खडूफळा
तांत्रिक भाग मान्य. तरी माझा मूळ आक्षेप उरतोच. मुलाखतीआधी कंपनी एखादी वीस स्लाइडची विस्कळीत पीपीटी देते आणि दोन दिवसांत स्टोरीबोर्ड मागते. उमेदवार एकेक स्लाइड उचलून एकेक स्क्रीन करतो आणि तिथेच बाद होतो. काय गाळायचं, तज्ज्ञाला काय विचारायचं, हे त्यात बघतात. स्वतः निवडलेल्या नीटस विषयावर नमुना करून ती सवय लागत नाही.

शाईदौत
हा आक्षेप खरा आहे, माझ्या सल्ल्यात ती फट होती. मग नमुन्याला कच्चा माल दुसऱ्याचाच घ्या: एखादं लांबलचक सरकारी परिपत्रक. पोर्टफोलिओत मूळ परिपत्रक, गाळलेल्या मुद्द्यांची कारणांसह यादी, तज्ज्ञाला विचारायचे पाच-सात प्रश्न आणि शेवटी स्टोरीबोर्ड, या क्रमाने ठेवा. पूर्वी केलेल्या नोकरीतलं ग्राहकाचं साहित्य मात्र त्यात नको. ते गोपनीयतेच्या करारात अडकलेलं असतं आणि समोरच्याला ते लगेच खटकतं.

खडूफळा
असा नमुना कुणी आणला तर पदविका नंतर केली तरी चालेल. पण ती गाळलेल्यांची यादी कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय अर्ज करू नका.