नोड्यूल्ससाठी स्ट्रॉचे व्यायाम: खरंच उपयोग होतो का?

ओवी:
शाळेत शिकवते. हल्ली दुपारपर्यंत आवाज पार बसतो आणि वरच्या पट्टीत तर निघतच नाही. ईएनटीनी दुर्बिणीतून बघितलं, दोन्ही स्वरतंतूंवर नोड्यूल्स, म्हणजे छोट्या गाठी आहेत, ऑपरेशनचा विचार नको आधी व्हॉइस थेरपी करा म्हणाले. थेरपिस्टनी ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ धरून ‘ऊ’ म्हणायला सांगितलंय. पण बुडबुड्यांनी गाठी कशा जाणार? आणि घरी आवाजाला आराम म्हणून कुजबुजत बोलते, ते चालेल ना?

शांतपाणी:
ताई मी स्पीच थेरपिस्ट आहे. कुजबुजणं आधी थांबवा, त्यात बऱ्याच जणांचा घसा उलट जास्त आवळला जातो. हळू पण मोकळ्या आवाजात बोला.
आता स्ट्रॉचं. बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आदळतात, जोर लावून बोललं की जिथे सगळ्यात जास्त मार बसतो नेमक्या तिथेच नोड्यूल्स होतात. स्ट्रॉचं तोंड अरुंद, त्यामुळे हवेचा थोडा दाब मागे घशाकडे येतो आणि तंतू कमी जोराने आदळत कंप पावतात. म्हणजे गाठी बुडबुड्यांनी जात नाहीत, रोजचा मार कमी झाला की हळूहळू बसतात.
स्ट्रॉ पाण्यात 2-3 सेंटीमीटरच बुडवा, गाल सैल, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. नुसती हवा फुंकू नका, आवाज हवाच. मग ‘ऊ’ खालून वर नि वरून खाली सरकवा. हे जमलं की ओठ मिटून ‘म्म्म्’, त्यातूनच ‘मला’, ‘मामी’, ‘माझं मन’ असे शब्द काढा, ओठांवर आणि नाकापाशी झिणझिण्या जाणवल्या पाहिजेत. खरी थेरपी ही, कारण तोच आवाज वर्गात न्यायचाय. नुसती स्ट्रॉ करून वर्गात पुन्हा ओरडलात तर सगळं वाया.

मैना:
मलाही हेच होतं आणि मला फरक पडला, पण आठवड्याभरात काही होत नाही हं, धीर धरा. एकदम अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून चारपाच वेळा दोन-दोन मिनिटं सोपं जातं, दोन तासिकांच्या मधे सुद्धा होतं. खाकरायची सवय असेल तर तेव्हा पाण्याचा घोट घ्या नाहीतर आवंढा गिळा. आणि शाळेत माइक मागाच, लाजू नका.

गुलमोहर:
वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: हे व्यायाम बघून स्वतःच सुरू करू नका. माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे, त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, त्यांना ‘एलएसव्हीटी लाउड’ नावाची थेरपी दिली. त्यात उलट मोठ्याने बोलायचाच सराव असतो, आठवड्यात 4 दिवस, एकेक तास, असे 4 आठवडे. नोड्यूल्सवाल्याने ते बघून जोर लावला तर नुकसानच. कोणाचाही बसलेला आवाज 4 आठवड्यांत सुधारला नाही तर आधी घसा तपासून घ्या.

ओवी:
सगळ्यांचे मनापासून आभार. @शांतपाणी, स्ट्रॉ करताना मानेच्या शिरा ताणल्यासारख्या वाटतात, हे नॉर्मल आहे का?

शांतपाणी:
नाही, ताण यायला नको. स्ट्रॉ कमी बुडवा किंवा जरा रुंद घ्या, पट्टी खाली आणा, खांदे सोडा. तरी दुखलं तर तिथेच थांबा आणि थेरपिस्टला पुढच्या वेळी समोर करून दाखवा.