'सेकंडरी' दुखणं म्हणजे 'दुय्यम' दुखणं का?

धागाकर्ती (टेक्सास)
माझे धाकटे दीर अमेरिकी सैन्यात होते. सरावात उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ते दुखणं तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने 'सर्व्हिस-कनेक्टेड', म्हणजे सेवेशी जोडलेलं, म्हणून मान्य केलंय. पुढची वर्षं भावजींनी सगळा भार डाव्या पायावर टाकून काढली. दाराशी त्यांचे बूट असतात, त्यात डाव्याची टाच बाहेरच्या अंगाने पार तिरकी झिजलेली आणि उजव्याची जवळजवळ कोरी. आता डावा खुबा गेलाय आणि त्यासाठी 'सेकंडरी' म्हणून अर्ज करायचाय.

सासूबाई सहा महिने इथे होत्या. घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहून दिलं तर ते पुरावा म्हणून धरतात, म्हणून त्या मराठीत लिहिणार आणि मी त्याचं इंग्रजी करणार. अर्ज समजावताना मी 'दुय्यम दुखापत' म्हणाले, तर सांगलीहून लगेच प्रश्न आला: "दुय्यम म्हणजे? त्याचं दुखणं कमी प्रतीचं आहे का गं?" मला उत्तर देता आलं नाही. कुठला शब्द वापरू?

भाषांतरकार, पुणे
सासूबाईंचा कान अगदी बरोबर आहे. दुय्यम निबंधक, दुय्यम भूमिका, दुय्यम वागणूक: 'दुय्यम' म्हटलं की पायरी खालची. इथे पायरीचा संबंधच नाही. आधीच्या मान्य दुखण्यामुळे जे नवं दुखणं झालं, तेही सेवेशी जोडलेलं मानायचं, एवढंच तो नियम म्हणतो. एकदा मान्य झालं की त्याला अपंगत्वाचे स्वतंत्र टक्के मिळतात आणि ते मूळ दुखण्यापेक्षा जास्तही असू शकतात. गुडघ्याला 10 टक्के, आणि त्या वेदनेतून आलेल्या नैराश्याला 50 टक्के, असं होऊ शकतं. मग दुय्यम कोणाला म्हणायचं?

टक्के एकत्र करतानाही मूळ आणि नंतरचं असा भेद नाही, मोठा आकडा आधी घेतात. 50 आणि 30 असतील तर 80 होत नाहीत. 50 गेल्यावर उरलेल्या 50 चे 30 टक्के म्हणजे 15, एकूण 65, ते जवळच्या दहावर नेऊन 70.

मी 'उद्भूत' सुचवेन, पण तो कागदावरचा शब्द झाला. बोलताना 'पाठचं दुखणं' कसं वाटतं? पाठचा भाऊ म्हणजे नंतर जन्मलेला. वाटणीत त्याचा हिस्सा कमी नसतो.

वैद्य, नाशिक
'पाठचं' फार आवडला, पण लिहिताना जपा. 'पाठचं' आणि 'पाठीचं' यांत एका वेलांटीचा फरक. खुब्याच्या अर्जात कुणी पाठदुखी वाचली तर घोटाळा व्हायचा.

आमच्या शास्त्रात याला दोन नेमके शब्द आहेत. मूळ रोगाच्या मागून, त्याच्याच आश्रयाने होतो तो 'उपद्रव'. आणि जो रोग स्वतःच दुसऱ्या रोगाचं कारण बनतो तो 'निदानार्थकर'. चरकसंहितेत पडशातून खोकला आणि खोकल्यातून क्षय, अशी साखळी दिली आहे. पुढचा रोग झाल्यावर पहिला कधी शमतो, कधी तसाच राहतो, हेही तिथे सांगितलंय. अर्थाने 'उपद्रव' चपखल, पण आज तो डासांचा नाहीतर गुंडांचा असतो. आईने मुलाबद्दल तो लिहू नये.

निवृत्त सुभेदार, सातारा
ताई, आपल्याकडे मेडिकल बोर्डात अपंगत्वाच्या पेन्शनचं सगळं दोन शब्दांवर ठरतं. 'ॲट्रिब्यूटेबल' म्हणजे सर्व्हिसमुळे झालेलं, 'ॲग्रॅव्हेटेड' म्हणजे सर्व्हिसमुळे बळावलेलं. दोन्हींपैकी काहीच नाही असा शेरा पडला की जवान हात हलवत घरी येतो. 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, आणि उलटं सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही. एका शेऱ्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. शब्द नीट निवडताय, ते फार योग्य करताय.

भाषांतरकार, पुणे
सुभेदारसाहेबांचा 'बळावणं' इथेही लागतो. अमेरिकेत 1995 च्या ॲलन विरुद्ध ब्राऊन निकालापासून दुसरं दारही उघडं आहे: खुबा आधीपासून थोडा दुखत असेल आणि गुडघ्यामुळे तो जास्त बिघडला असेल, तर त्या वाढलेल्या भागापुरता हक्क मिळतो. आधी किती होतं आणि आपोआप किती वाढलं असतं, ते वजा होतं. म्हणून निवेदनात 'दुखण्याने उचल खाल्ली' असं लिहू नका. उचल खाल्लेलं दुखणं पुन्हा बसतं. 'बळावलं' म्हणजे वाढलं आणि वाढलेलंच राहिलं. पण भावजींचा खुबा आधी चांगला असेल, तर यात शिरूच नका.

डॉक्टरांच्या पत्रातही असंच बघा. नुसतं 'शक्य आहे' पुरत नाही. संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या निदान बरोबरीची आहे, आणि ती का, हे पत्रात यावं लागतं. पारडी समसमान असली तर शंकेचा फायदा सैनिकाला.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. खुबा आधी ठणठणीत होता. 'उद्भूत' आणि 'पाठचं' दोन्ही सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी माझं लिहिते." आज सकाळी वहीच्या पानाचा फोटो आला. पहिल्या ओळी अशा आहेत:

"माझा मुलगा जिना उतरताना डावा पाय आधी टाकतो आणि कठड्याला धरून उजवा ओढून घेतो. हे मी रोज सकाळी पाहिले. उजव्या गुडघ्यापायी त्याचा डावा खुबा गेला."

'गुडघ्यापायी'. 'सेकंडरी'साठी आता नाम शोधत नाही. त्या 'पायी'चंच इंग्रजी करायला बसले आहे.