ख्रिस्ती धर्म जगभर इतका पसरला तो कशामुळे? नुसती तलवार आणि पैसा?

पंचगंगाकाठ :
परवा मित्रांच्यात विषय निघाला आणि एकजण सरळ म्हणाला, "तलवार आणि पैसा, तिसरं कारणच नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हे पटत नाही, म्हणून इथं मांडतोय.

येशूला क्रुसावर दिलं तेव्हा त्याच्यामागं मूठभर माणसं होती. त्यातली बरीचशी मासेमार आणि कष्टकरी. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ना त्यांच्याकडं सैन्य, ना खजिना. उलट सत्ताच त्यांच्या जिवावर उठलेली. ३०३ साली डायोक्लेशियन बादशहानं प्रार्थनास्थळं पाडायचे आणि ग्रंथ जाळायचे हुकूम काढले. तरीही ही माणसं संपली नाहीत, वाढली.

रोमन रस्ते आणि समुद्री व्यापार हे एक कारण. तो व्यापार केवढा लांबवर होता हे बघायचं तर आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथं आहे. समुद्राचा ग्रीक देव, छोटीशीच मूर्ती, पण सातवाहनांच्या काळात ती पंचगंगेपर्यंत पोचली. जिथं माल जातो तिथं विचारही जातो. त्यात साम्राज्याच्या पूर्वेकडच्या बहुतेक शहरांत ग्रीक भाषा चालायची, आणि सुरुवातीचा मोठा प्रचारक पौल यानं पत्रं लिहिली तीही ग्रीकमध्येच.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. इ.स. ५० च्या सुमारास जेरुसलेमला बैठक झाली आणि ठरलं की ख्रिस्ती व्हायला आधी ज्यू व्हायची, सुंता करायची गरज नाही. जन्मानं कोण आहेस हा प्रश्नच संपला. गुलाम, विधवा, परदेशी, सगळ्यांना एका पंगतीत जागा. तिसऱ्या शतकात साथीचा रोग आला तेव्हा या लोकांनी आजाऱ्यांची सेवा केली. ख्रिस्ती धर्माचा पक्का विरोधक असलेल्या ज्युलियन बादशहानं चौथ्या शतकात आपल्या पुजाऱ्याला पत्रात खडसावलंय, की हे लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या तोंडची साक्ष आहे ही. मी हिला फार किंमत देतो.

तुमचं मत सांगा. मुद्द्याला धरून बोलूया.

शिवाजीपेठकर :
दादा, मांडणी चांगली आहे, पण तुम्ही सोयीच्या जागी थांबलात. तीनशे वर्षांच्या सेवेनंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती किती होते? अभ्यासकांचे अंदाज दहा टक्क्यांच्या आसपास जातात. मग ३१२ ला ख्रिस्ती धर्माकडं वळलेला कॉन्स्टंटाइन बादशहा जिंकला, ३१३ ला धर्माला मान्यता मिळाली, ३८० ला थिओडोसियस बादशहानं तोच राजधर्म केला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जुन्या देवळांतल्या पूजा कायद्यानं बंद केल्या. दहाचे नव्वद झाले ते त्यानंतर.

पुढचंही बघा. ७८२ साली फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन यानं जर्मनीतल्या व्हर्डनला हजारो सॅक्सन लोकांची मुंडकी उडवली आणि बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मरणाची शिक्षा लावली. मेक्सिको आणि पेरूत स्पेननं काय केलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. आणि लांब कशाला, आपल्या शेजारचा गोवा. १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, चाललं तिथं, मधली थोडी वर्षं सोडली तर. आपले देव घेऊन रातोरात नदीपार पळालेल्या लोकांची घराणी आजही आहेत. त्यांच्यासमोर 'सगळ्यांना एका पंगतीत जागा' म्हणून दाखवाल का?

पंचगंगाकाठ :
नाही म्हणणार. गोव्यात झालं तो जुलूमच, त्याला दुसरा शब्द नाही. युरोप, मेक्सिको आणि पेरूबाबतही तुमचं म्हणणं मान्य आहे.

पण सत्ता हेच खरं कारण असेल तर जिथं सत्ता होती तिथं सगळीकडं तोच निकाल लागायला हवा होता. फ्रान्सनं अल्जीरियावर १८३० पासून १३२ वर्षं राज्य केलं, तिथले मुसलमान ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्याकडं इंग्रज एवढी वर्षं राहिले, आणि २०११ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के. कंपनी सरकारला तर मिशनरी नकोच होते, व्यापारात खोळंबा नको म्हणून. विल्यम कॅरी हा इंग्रज मिशनरी कंपनीच्या हद्दीत मिशन काढू शकला नाही, डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या बंगालमधल्या श्रीरामपूरला जाऊन राहिला. कंपनीच्या १८१३ च्या सनदेनंतर मिशनऱ्यांना दार उघडलं.

उलट आफ्रिका बघा. १९०० साली सहाराच्या दक्षिणेला एक कोटीसुद्धा ख्रिस्ती नव्हते. आज साठ कोटींच्या वर आहेत, आणि त्यातली बहुतेक वाढ गोरे साहेब निघून गेल्यावरची आहे. प्रचारक आफ्रिकीच, भाषा त्यांची, गाणी त्यांची. हे तलवारीनं कसं समजवायचं?

गडहिंग्लजकर :
तलवार नाही, मग अन्न म्हणूया. १८७६-७७ च्या दुष्काळात आपल्या देशावर माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्या वेळी मिशनकडं धान्य होतं, अनाथ पोरांना छप्पर होतं. नगरकडच्या गावांत दुष्काळानंतर बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे नाकारून चालणार नाही. भुकेल्या माणसानं केलेली निवड ही निवड म्हणायची का? दवाखाना काढा, शाळा काढा, मी पाया पडतो. पण त्याच हातात धर्माचं पुस्तक असेल तर ती निव्वळ सेवा राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोडोलीची लेक :
काका, तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांच्यातली मी एक आहे, म्हणून लिहिते.

आमचे खापरपणजे मिशनच्या काळात कोडोलीत ख्रिस्ती झाले. घरात जे सांगत आलेत त्यात धान्याचा उल्लेख नाही, बसायच्या पट्टीचा आहे. गावच्या शाळेत त्यांना व्हरांड्याच्या बाहेर, उन्हात बसावं लागायचं. मिशनच्या शाळेत सगळ्यांबरोबर एकाच पट्टीवर बसवलं. मास्तरांनी त्यांची पाटी हातात घेऊन अक्षर दुरुस्त केलं. पाटीवर पाणी न शिंपडता. आजी हे सांगताना दोन्ही हात पुढं करून दाखवायची, पाटी अशी घेतली म्हणून. त्याला तुम्ही आमिष म्हणाल तर म्हणा. पण ज्याला ते कधी नाकारलं गेलं नाही त्याला त्याची किंमत कशी कळणार?

बरं, मिळालं काय? गावची विहीर तरीही उघडली नाही. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. फायद्यासाठीच राहिलो असतो तर आमच्या चार पिढ्या कधीच परत फिरल्या असत्या. आम्ही दर रविवारी पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणतो. ते आमचं आहे, कुणी दिलेलं नाही.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी :
मुलांनो, जगाचं बोलताय, पण उत्तर आपल्या गावात आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. शाळा काढल्या, चर्च उभं राहिलं, जवळ मिरजेला १८९४ पासून वॉनलेस यांचं हॉस्पिटल. मिरजेला नेलं की माणूस वाचतो, असा या सगळ्या भागाचा विश्वास होता. संस्थानावर इंग्रजांचा वरचष्माही होताच. म्हणजे सेवा होती, पैसा होता, मागं सत्ताही होती. तरी कोल्हापूर ख्रिस्ती झालं नाही. का?

माझं मत असं, की ज्या गरजेवर हा धर्म इतरत्र वाढला ती गरज भागवणारा माणूस इथं घरातच निघाला. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं काढली. १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या. १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि १९१५ ला ख्रिस्ती मुलांसाठीसुद्धा वसतिगृह. १९२० ला माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना पुढं केलं. बाबासाहेबांनी पुढं धर्म सोडला, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १९५६ ला बौद्ध धम्म घेतला. पट्टीवर बसायला मिळणं ही भूक खरी होती, ती इथं दुसऱ्या वाटेनं शमली.

शिवाजीपेठकर :
सर, शाहू महाराजांचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. महाराजांकडं गादी होती म्हणून ते करू शकले. सत्तेशिवाय विचार टिकत नाही. चीनमध्ये ६३५ साली सीरियन परंपरेचे ख्रिस्ती धर्मगुरू पोचले, राजाश्रय मिळाला, ७८१ चा त्यांचा शिलालेख शिआनला आहे. ८४५ ला तिथल्या बादशहानं परकीय धर्मांवर हात उगारला आणि ते विरून गेले. सेवा तीच, पुस्तक तेच, फक्त राजा फिरला.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी :
उदाहरण चांगलं दिलंस. मग शेजारचं कोरियाही घे. तिथल्या विद्वानांनी चीनमधून आलेली पुस्तकं वाचली, त्यांच्यातला एकजण १७८४ ला बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि पहिला पाद्री पोचायच्या आधीच मंडळी उभी राहिली. राजानं पुढं शतकभर त्यांची कत्तल केली. आज दक्षिण कोरियात चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोक ख्रिस्ती आहेत. राजा फिरला की सगळं संपतं हा नियम नाही. कुठं संपतं, कुठं नाही, हे त्या विचाराला स्थानिक माणसांनी किती आपलं केलं यावर ठरतं. चीनमधली ती मंडळी बरीचशी बाहेरून आलेल्यांची राहिली. कोरियात ती पहिल्या दिवसापासून कोरियनांची होती.

गडहिंग्लजकर :
कोडोलीच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. दुष्काळातल्या बाप्तिस्म्यांबद्दल मी मत बदललेलं नाही. पण पाटीची गोष्ट त्यात बसत नाही हे मान्य करतो. ती आमच्या गावकीनं केलेली चूक होती, मिशननं लावलेलं आमिष नव्हतं.